तुम्ही विचारलंत म्हणून: 'ते लोक एवढे का चिडलेले असतात?'

जॉर्डनची राजधानी अम्मान सोडून बरीच वर्षं झाली. तरी जगात कुठे स्फोट झाला, कुणी गर्दीत गाडी घुसवली, की मला फोन येतात. फोन नाही आले तर हळदीकुंकवाला, साखरपुड्याला, बँकेत पासबुक भरायच्या रांगेत कुणीतरी गाठतंच. "तुम्ही एवढी वर्षं तिकडे काढलीत. मग सांगा ना, या अरबांना अमेरिका-युरोपचा एवढा राग का?"

विचारणाऱ्याच्या खिशात उत्तर असतंच. कुणाचं 'धर्मच तसा', कुणाचं 'सगळं तेलासाठी'. माझ्याकडून फक्त शिक्का मारून हवा असतो. मी "थांबा, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत" म्हटलं, की पहिल्यांना मी अरबांची वकील वाटते आणि दुसऱ्यांना अमेरिकेची. एका गृहस्थांनी तर "ताई, तुम्ही तिकडचं मीठ खाल्लंय" असं हसत हसत सुनावलं. खाल्लंय. म्हणूनच लिहितेय.

सायक्स-पिको (इंग्रज-फ्रेंचांनी अरब मुलूख गुपचूप वाटून घेतला तो करार), बाल्फोर (पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंना मायभूमी देण्याचं इंग्रजांचं वचन), 1967 चं अरब-इस्रायल युद्ध हे तुम्हाला पाठ आहे. गाझा तुम्ही रोज बघता. ते पुन्हा उगाळत नाही. मी पाण्याची केमिस्ट, त्यामुळे मला जे ठाऊक आहे ते क्लोरीनपासून सुरू होतं.

इराकने कुवेत गिळलं म्हणून झालेल्या 1991 च्या युद्धात इराकची वीजकेंद्रं अमेरिका आणि मित्रदेशांच्या बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाली. वीज नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून मैलापाणी नदीत, आणि त्याच नदीचं पाणी नळाला. दुरुस्तीसाठी सामान आणायचं तर ऑगस्ट 1990 पासून संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध. आयातीचे कागद न्यूयॉर्कमधल्या एका समितीपुढे जायचे, आणि समितीतल्या कुठल्याही एका देशाने 'थांबवा' म्हटलं की कंत्राट थांबायचं. बहुतेक वेळा 'थांबवा' म्हणणारा देश अमेरिका. क्लोरीनपासून शस्त्र बनू शकतं, मान्य. पण पंप, पाइप, टाक्या यांच्यावरही तोच संशय. अम्मानमधल्या ज्या सल्लागार कंपनीत मी होते तिथे कुठला पंप, किती क्षमतेचा, कुठल्या गावासाठी, हे पुन्हा पुन्हा लिहून पाठवणं हेच आमचं काम होऊन बसलं होतं. क्लोरीनची सिलिंडरं मंजूर व्हायची आणि ते मोजून सोडणारं यंत्र अडकायचं. 2002 पर्यंत अशी अडकलेली कंत्राटं पाच अब्ज डॉलरच्या वर गेली होती.

मे 1996 मध्ये मॅडलिन ऑल्ब्राइट यांना अमेरिकन टीव्हीवर विचारलं गेलं: निर्बंधांमुळे पाच लाख मुलं गेली असं म्हणतात, ही किंमत योग्य आहे का? त्या तेव्हा संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या राजदूत होत्या. त्या म्हणाल्या, निवड फार अवघड आहे, पण आम्हाला वाटतं, किंमत योग्य आहे.

आता तुमच्यातले वाचणारे लोक सांगतात, तो आकडा फुगवलेला होता. होता. सद्दामच्या राजवटीत झालेल्या पाहणीतल्या बालमृत्यूंना 2003 नंतरच्या पाहण्यांनी दुजोरा दिला नाही. शिवाय लोक औषधाला महाग झाले होते तेव्हा सद्दाम राजवाडे बांधत होता, हेही खरं. पण बाईंनी आकडा नाकारला का? नाही. आकडा खोटा होता, उत्तर खरं होतं, आणि लक्षात राहिलं ते उत्तर. पुढे आत्मचरित्रात त्यांनी त्या वाक्याबद्दल खेद व्यक्त केला. ते दक्षिण इराकमधल्या बसऱ्यात कितीजणांपर्यंत पोचलं असेल?

यावर हमखास येणारा प्रश्न: "आपल्यावरही इंग्रजांनी राज्य केलं, आपण कुठे लंडनला जाऊन कुणाला मारतो?" (मदनलाल धिंग्रा आणि उधमसिंग लंडनला काय करायला गेले होते, हे मी विचारत नाही. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून.) खरा फरक असा की आपल्याकडून इंग्रज 1947 ला गेले ते गेले. इराकला त्यांनी 1932 मध्ये स्वातंत्र्य दिलं आणि 1941 मध्ये पुन्हा फौज उतरवली. इजिप्तमध्ये 1956 साली सुएझसाठी फ्रेंचांना आणि इस्रायलला घेऊन परत आले. मार्च 1917 मध्ये बगदाद घेतल्यावर जनरल मॉडने जाहीरनामा काढला होता की आमच्या फौजा जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत. 2003 मध्ये इराकमध्ये शिरताना अमेरिकेची भाषा जवळजवळ तीच होती. ऐकणारे दोन्ही वेळा तेच गाव होतं.

हा जाहीरनामा मला आमच्या ऑफिसातल्या एका इराकी इंजिनिअरांनी सांगितला. मूळचे बसऱ्याचे, सद्दामला कंटाळून अम्मानला आलेले. सगळे त्यांना नुसतं 'मुहंदिस' म्हणत, म्हणजे इंजिनिअर. मी पुण्याची हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तुमचं-आमचं जुनं नातं. 1914 मध्ये इंग्रज आमच्या बसऱ्यात शिरले ते तुमच्या पूना डिव्हिजनला घेऊन." मला हे ठाऊक नव्हतं. हीच डिव्हिजन पुढे इराकमधल्याच कूत गावच्या वेढ्यात अडकली आणि एप्रिल 1916 मध्ये तुर्कांना शरण गेली, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. आपल्यासाठी ती फार तर कुणाच्या पणजोबांची पदकं. त्यांच्यासाठी गावात शिरलेली फौज. त्यांनी हे चिडून नाही, गंमत म्हणून सांगितलं, चहा पिता पिता.

याच माणसाबद्दल आता सांगायचंय. आजवर घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की लोक त्यातला आपल्याला हवा तो अर्धा भाग उचलतील याची मला खात्री आहे.

11 सप्टेंबर 2001. अम्मानमध्ये दुपारचे पावणेचार वाजून गेले होते. रिसेप्शनमधल्या टीव्हीवर अल जझीरा लावलेलं. पहिलं विमान अपघात असेल असं सगळ्यांना वाटलं. दुसरं आलं तेव्हा रिसेप्शनवरची पॅलेस्टिनी मुलगी रडायला लागली. चहावाले काका दारात उभे राहून 'या अल्लाह, या अल्लाह' करत होते. अकाउंट्समधला एक पोरगा हसला, आणि त्याच्याच टेबलाशेजारी बसणारा दुसरा त्याच्या अंगावर धावून गेला. 'अरब लोकांना त्या दिवशी काय वाटलं' असं मला विचारतात ना, तर त्या एका खोलीत एवढं सगळं होतं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा मॅनहॅटनच्या त्याच टोकाला नोकरीला होता. त्याचं ऑफिस त्या इमारतींपासून किती लांब, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. मी फोन लावत होते, लागत नव्हता. मुहंदिस माझ्या मागे उभे होते, हात पाठीशी बांधून. मीटिंगमध्ये एखादा आकडा सांगावा तशा आवाजात ते म्हणाले, "खल्लीहुम यदूकू." चाखू दे त्यांनाही.

मी वळले आणि म्हटलं, "माझा भाऊ तिथे आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं नाही, मी परत फोनकडे वळले होते. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि नंबर फिरवायला सुरुवात केली. ऑफिस सुटलं. त्यांनी वॉचमनला थांबायला सांगितलं. घरी फोन करून उशीर होईल म्हणाले. एका लाइनवरून भावाचं घर, दुसरीवरून वहिनीचं ऑफिस, तिसरीवरून पुण्याला आई. मधे त्यांच्या मुलाने डबा आणून दिला. आम्ही टीव्हीकडे पाठ करून बसलो होतो, कारण तीच दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवत होते. मध्यरात्रीच्या सुमारास आईचाच फोन आला. भाऊ पूल ओलांडून चालत ब्रुकलिनला पोचला होता.

मला घरी सोडायला निघाले तेव्हा गाडीत मी विचारलं, "दुपारी म्हणालात ते मनापासून होतं?"

"हो."

मग बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितलं. फेब्रुवारी 1991 मध्ये थोरल्या बुशने इराकी जनतेला सद्दामविरुद्ध उठायचं आवाहन केलं. रेडिओवर सगळ्यांनी ऐकलं. मार्चमध्ये बसऱ्यात लोक उठले. अमेरिकेची फौज तेव्हा दक्षिण इराकमध्येच होती. शस्त्रसंधीच्या बोलण्यांत अमेरिकेच्या सेनापतीने इराकी लष्कराला हेलिकॉप्टरं उडवू दिली आणि सद्दामने ती बंडखोरांवर सोडली. फौज बघत राहिली. मुहंदिसांचा धाकटा भाऊ त्या महिन्यात घराबाहेर पडला तो परत आला नाही. मारला सद्दामच्या माणसांनी, यात त्यांना शंका नव्हती. "पण सद्दामने मला कुठलं वचन दिलं नव्हतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मग आज संध्याकाळभर माझ्यासाठी फोन का लावत बसलात?"

"तो तुमचा भाऊ आहे."

"तिथे जे मेले ते सगळे कुणाचे तरी..."

"मला शिकवू नका," ते म्हणाले. पुढे घर येईपर्यंत कुणी बोललं नाही.

त्यांनी माफी मागितली नाही. मी मागायला लावली नाही, पण पुढे बरेच दिवस कामापलीकडे त्यांच्याशी बोलले नाही. मला त्यांचा राग होता, आणि त्यांनी नंबर फिरवलेली ती संध्याकाळही माझ्यावर होती. दोन्ही अजून आहेत.

आता मुद्दा. हा माणूस अरक म्हणजे तिकडची दारू प्यायचा, मुल्ला-मौलवींची नक्कल करून आम्हाला हसवायचा. कुठल्या संघटनेला एक दिनार दिला नसेल. पुढे अर्ज करून करून ऑस्ट्रेलियाला स्थायिक झाला. त्याच्या मनात होता तो राग. बॉम्ब बांधणारा जो असतो, तो दुसराच.

म्हणजे उदाहरणार्थ झरकावी, इराकमधल्या अल कायदाचा म्होरक्या. अम्मानशेजारच्या झर्का गावचा, शाळा सोडलेला, गुंडगिरी करणारा. अफगाणिस्तानात जाऊन आला, जॉर्डनच्या तुरुंगात आणखी कडवा झाला, 1999 मध्ये नव्या राजाच्या माफीत सुटला. अमेरिकेने इराकमध्ये घुसून सगळं लष्कर एका हुकुमाने बरखास्त केलं, तेव्हा त्याला आयतं रान मिळालं. आणि त्याने सर्वांत जास्त मारले कोण? इराकी शिया. मुहंदिसांचे भाऊबंद. 9 नोव्हेंबर 2005 ला त्याच्या माणसांनी अम्मानमधल्या तीन हॉटेलांत स्फोट केले. एका हॉटेलात लग्न चालू होतं. नवरा आणि नवरी दोघांचेही वडील गेले. सुमारे साठ माणसं मेली, बहुतेक अरब. दुसऱ्या दिवशी अम्मानच्या रस्त्यांवर झरकावीच्या नावाने शिव्या देत लोक बाहेर पडले, आणि काही दिवसांनी त्याच्या कुळातल्या लोकांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्याच्याशी नातं तोडलं. हीच माणसं आदल्या आठवड्यापर्यंत त्याच्याबद्दल काय बोलायची, हेही मी ऐकलेलं होतं. 'अमेरिकेशी लढतोय ना' म्हणायची. ऑफिसात मुहंदिस समोर आले तेव्हा चार वर्षांपूर्वीचं त्यांचंच वाक्य माझ्या ओठांवर होतं. बोलले नाही.

म्हणून माझा जुना युक्तिवाद, की राग एकीकडे आणि अतिरेक दुसरीकडे, मला आता तितकासा पटत नाही. वेगळे आहेत, पण पहिला दुसऱ्याकडे काणाडोळा करतो. 2003 साली मी छातीठोकपणे सांगायचे की सगळा दोष परराष्ट्र धोरणाचा. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं: मग सय्यद कुत्बचं काय, ज्या इजिप्शियन लेखकाची पुस्तकं पुढे जिहादींनी डोक्यावर घेतली? तो 1948 मध्ये अमेरिकेला गेला, कोलोरॅडोतल्या एका छोट्या गावात चर्चमधला नाच पाहून शिसारी आली म्हणून लिहिलं. त्याला अमेरिकेने छळलं नव्हतं. छळलं इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या तुरुंगाने, नंतर, आणि 1966 मध्ये फाशी दिली. आणि 2003 ची मी लगेच उलट विचारेल: मग 11 सप्टेंबरनंतर अमेरिकेने आपले कैदी चौकशीसाठी इजिप्तच्या त्याच तुरुंगांत का पाठवले? तिचंही बरोबर आहे.

राज्यकर्त्यांनाही हा राग सोयीचाच. जॉर्डनमध्ये पॅलेस्टाईनसाठी मोर्चा काढलात तर बहुतेक वेळा चालायचं. 1996 मध्ये ब्रेडचे भाव वाढले म्हणून केरकचे लोक रस्त्यावर आले, तेव्हा लष्कर आलं. प्रेशर कुकरची शिट्टी म्हणतात ती हीच. 2002 मध्ये अरब अभ्यासकांनीच संयुक्त राष्ट्रांसाठी अहवाल लिहिला, त्यात आपल्याकडे कमतरता कशाची ते स्पष्ट मांडलं: स्वातंत्र्याची, ज्ञानाची, स्त्रियांना मिळणाऱ्या संधींची. अमेरिकेचं नाव पुढे करून यातलं काही लपत नाही. पण ज्या राजवटींनी हे दाबून धरलं त्यांना पैसा कोण देत होतं? इजिप्तच्या लष्कराला अमेरिकेकडून दरवर्षी 1.3 अब्ज डॉलर जात होते.

2011 मध्ये अरब देशांत उठाव झाले, तेव्हा कैरोच्या तहरीर चौकातल्या घोषणा भाकरी, स्वातंत्र्य आणि सामाजिक न्यायाच्या होत्या. मला वाटलं, चला, लोकांना बोलायला मिळालं की हा राग ओसरणार. मग ट्युनिशिया आला. त्या सगळ्या उठावांतून लोकशाही टिकवणारा तेव्हाचा तो एकच देश, संविधान केलं, निवडणुका घेतल्या, आणि सीरिया-इराकमध्ये इसिससारख्या संघटनांसाठी लढायला गेलेल्या परदेशी तरुणांत सर्वांत मोठ्या गटांपैकी एक होता तो तिथलाच. कुणी म्हणतं बेकारी, कुणी म्हणतं जुने कैदी सुटले आणि पोलीस ढिले पडले म्हणून. ट्युनिसच्या एका बाईंनी मला सांगितलं, "माझे दोन पुतणे एका घरात वाढले, एका शाळेत शिकले. एक फ्रान्समध्ये बेकरीत आहे, दुसरा रक्काला, इसिसकडे गेला. तुमच्याकडे उत्तर असेल तर माझ्या दिराला सांगा." माझ्याकडे नव्हतं.