साठ वर्षांची खुर्ची आणि आषाढातलं पॉलिश

बेळगावच्या शहापुरातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांची खुर्ची सापडली. खाली निमुळते होत गेलेले तिरके पाय, रुंद हात, वेत फाटून लोंबत असलेली बैठक. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी १९५०च्या दशकात वास्तुकार पिएर जान्नरे यांनी आखलेल्या अशाच सागवानी, वेताच्या खुर्च्या आज परदेशी लिलावांत लाखांनी जातात. आमचीला भंगारवाल्यानं दीडशे सांगितले. राग आला आणि म्हटलं, घरीच दुरुस्त करतो.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं डावा हात घासला आणि मधासारखा तांबूस रंग अर्ध्या तासात पांढराफटक. ओळखीचे मेस्त्रीमामा आले ते कपाळाला हात लावूनच. "काय करूलायस गा? कातडं सोललास की तिचं!" त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून उजव्या हातावर फिरवला. बोळा तपकिरी, चिकट. म्हणजे लाखेचं पॉलिश. ते स्पिरिटनं सोडवून पुसून काढायचं असतं, मी मात्र लाकडापर्यंत पोचलो होतो.

सांधे सगळे डुगडुगत होते. जुना सरस गरम पाण्यानं सुटतो, म्हणून ओली गरम फडकी गुंडाळून बसलो. कुशी, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची टोकं, निघाल्या तशी प्रत्येकीवर पटाशीची बारीक खूण दिसली: एक घाव, दोन घाव, तीन घाव. समोरच्या खाचेवर तेवढेच. करणाऱ्याचं नाव शोधायला खुर्ची चारी बाजूंनी पालथी घातली, पण एवढंच मिळालं. तो मराठी की कानडी, घावांवरून कळायची सोय नाही. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवरूनही वाद पेटतो, तेव्हा हे बरंच म्हणायचं.

सागवानात तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी कुशी थिनरनं पुसल्या. वेत अर्धा तास भिजवून मी दोन ओळी विणल्या आणि बोटं सोलून निघाल्यावर गुमान खुर्ची विणणाऱ्याकडे दिली. वाळताना वेत असा ताणला गेला की टिचकी मारली तर वाजतो.

चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून पॉलिशचे हात दिले, तेही भर आषाढात. बेळगावचा पाऊस! सकाळी सगळ्यावर दुधासारखी साय. मामा हसले, "दिवाळीपर्यंत दम धर."

दिवाळीनंतर स्पिरिटचा ओलसर बोळा फिरवला तशी साय गेली. डावा हात अजून उजळच आहे. पाहुणे आले की मी त्यावर टॉवेल टाकतो.