कुपवाडच्या आमच्या दाण्याच्या युनिटचं ईपीआर रजिस्ट्रेशन: माझा अनुभव

कुपवाड एमआयडीसीत आमचं प्लास्टिक भंगार वितळवून त्याचा दाणा, म्हणजे नव्या वस्तूंसाठीचा कच्चा माल, बनवायचं छोटं युनिट आहे, मी आणि माझे दीर मिळून बघतो. भाऊजी मशीन आणि माल बघतात, मी हिशोब, बँक आणि सगळी कागदपत्रं. आमचं ईपीआरचं, म्हणजे पॅकिंगचं प्लास्टिक परत घ्यायची जी जबाबदारी कंपन्यांवर आहे त्या योजनेतलं रिसायकलर म्हणून रजिस्ट्रेशन झाल्यापासून मिरज, इस्लामपूर, कराडकडनं ओळखीचे लोक फोन करतात, वहिनी कसं केलंत, पैसे खरंच मिळतात का. म्हणलं एकदाच सविस्तर लिहावं. पैसे मिळतात. पण ते ज्यांच्या हातानं कचरा गोळा होतो त्यांच्यापर्यंत आपोआप पोचत नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचंय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लास्टिकच्या पिशवीत, डब्यात, बाटलीत माल भरून विकणारी जी कंपनी आहे तिनं तेवढं प्लास्टिक परत गोळा होऊन त्याची नीट विल्हेवाट लागेल हे बघायचं, ही जबाबदारी २०१६ च्या प्लास्टिक नियमांत होतीच पण तेव्हा ती बरीचशी कागदावरच राहिली. १६ फेब्रुवारी २०२२ ला नियमांत दुरुस्ती झाली, सीपीसीबीचं (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) देशभराचं एकच पोर्टल आलं आणि कंपन्यांना आकडे बांधून दिले. कंपनीच्या पॅकिंगच्या प्लास्टिकपैकी पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ७०, आणि २०२३-२४ पासून पूर्ण १०० टक्के. त्यातलं ठराविक प्लास्टिक रिसायकलच झालं पाहिजे, नुसतं जाळून चालत नाही, कडक पॅकिंगचं २०२४-२५ ला किमान ५० टक्के आणि लवचिक पॅकिंगचं ३०, ते वाढत वाढत २०२७-२८ ला ८० आणि ६० वर जाणार. आता पुण्यामुंबईच्या कंपनीकडं स्वतःचं रिसायकलिंग कुठनं असणार, म्हणून ती आमच्यासारख्या रजिस्टर्ड रिसायकलरकडनं सर्टिफिकेट घेते. आम्ही एवढे टन पॅकिंगचं प्लास्टिक रिसायकल केलं असं ते सर्टिफिकेट, त्याचा भाव ती देते, दाण्याचे पैसे वेगळे.

ऐकायला सोपं वाटतं, पण आमची पहिली अडचण सांगली जिल्ह्याचीच होती. आमच्याकडं येणारा निम्म्याच्या वर माल म्हणजे ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा कागद (पिकाच्या बेडवर अंथरतात ते प्लास्टिक), द्राक्षबागेवर टाकलेलं प्लास्टिक. तासगाव, पलूस, वाळवा, सगळीकडनं तेच येतं. आणि ईपीआर फक्त पॅकिंगच्या प्लास्टिकला आहे! ठिबकची नळी म्हणजे पॅकिंग नव्हे, त्यामुळं तिचा कितीही दाणा केला तरी एका किलोचं सर्टिफिकेट निघत नाही. मला हे आजही पटत नाही. आपल्या भागात बांधावर पेटवलं जाणारं सगळ्यात जास्त प्लास्टिक तेच आहे, त्याचा काळा धूर आपण सगळ्यांनी बघितलाय, आणि ते बनवून विकणाऱ्यांवर परत घ्यायची कसली सक्ती नाही. पण नियम आहे तो आहे, म्हणून आम्ही माल वेगळा केला. एका बाजूला शेतीचा माल, दुसऱ्या बाजूला पॅकिंगचा, गोण्यांना वेगळा रंग, वजनाची वही वेगळी, आणि मशीनवर सुद्धा पॅकिंगचे दिवस वेगळे ठरवले. ज्यांना पुढं हे करायचंय त्यांनी आधी ही वाटणी करावी आणि मगच पोर्टलवर बसावं, कारण नंतर तोच हिशोब मागतात.

अर्ज पोर्टलवरच करायचा, तो आपल्याकडं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं तपासणीला जातो. जीएसटी, पॅन, मंडळाची कन्सेंट (युनिट चालवायची परवानगी), मशीनची क्षमता, माल कुठनं येतो आणि काय होऊन बाहेर पडतो याचा तक्ता, आणि मशीनचे फोटो, त्यात जागेचं लोकेशन दिसलं पाहिजे. आमच्या कन्सेंटमध्ये क्षमता जुन्या एक्स्ट्रूडरची (प्लास्टिक वितळवून दाणा काढायच्या मशीनची) होती आणि मधल्या काळात दुसरा बसवलेला, त्यामुळं कन्सेंटवरची क्षमता आणि अर्जातली क्षमता जुळेना, अर्ज शेरा मारून परत आला. मग आधी कन्सेंट सुधारून घेतली. यात वेळ जातो, घाई करून उपयोग नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी लाईट बिलं मागितली तेव्हा भाऊजींना आश्चर्य वाटलं, पण त्यात अर्थ आहे. एवढे टन दाणा काढला म्हणता तर तेवढी वीज जळली पाहिजे ना. खरेदी किती, घट किती, दाणा किती, विक्री किती आणि युनिट किती जळले हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

एवढं कडक का झालं तेही सांगते. २०२३ मध्ये सीपीसीबीच्या तपासणीत चार रिसायकलर कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या आसपास खोटी सर्टिफिकेटं काढलेली सापडली, त्यात महाराष्ट्रातले पण होते. मशीनच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त. खोटं सर्टिफिकेट स्वस्त पडतं कारण त्यात ना माल आणायचा, ना धुवायचा, ना वीज. मग बाजारात भाव पडतो आणि जो खरंच कचरा उचलतो त्याला परवडत नाही. आम्हाला सुद्धा रजिस्ट्रेशन झाल्या झाल्या एका एजंटचा फोन आला, मॅडम माल नको, नुसते इनव्हॉइस फिरवू, तुम्हाला टनामागे एवढे सुटतील. मी तिथंच फोन ठेवला. असले फोन सगळ्यांना येतात, लोकांनी उघड बोललं पाहिजे.

आता माल कसा येतो ते सांगते, कारण यातलं खरं कसब तिथंच आहे. आमच्याकडं सॉर्टिंगला ज्या मावशी आहेत त्यातल्या एक, वय साठीच्या पुढं, मिरजेतनं येतात, त्या पिशवी हातात घेऊन कानाजवळ चुरगाळतात. कडकड वाजली की पीपी जातीचं प्लास्टिक, आवाज न करता मऊ दबली की एलडी जातीचं. शंका आली तर कोपरा पेटवून बघतात, मेणबत्तीसारखा वास आला की घ्यायची, डोळे चुरचुरले की पीव्हीसी, बाजूला टाकायची. एका गोणीत मूठभर पीव्हीसी गेलं तरी अख्खा दाणा पिवळा पडतो आणि मशीनची जाळी सारखी सारखी बदलावी लागते. मसाल्याच्या पाकिटात आत ॲल्युमिनियमचा थर असतो, ते आमच्या मशीनला चालतच नाही, ते वेगळं बांधून सिमेंटच्या भट्टीकडं जाणाऱ्या गाडीत द्यावं लागतं. दुधाच्या पिशव्या सगळ्यात चांगल्या, पण त्या कुणी धुवून देत नाही, उन्हाळ्यात गोणी उघडली की उभं राहवत नाही, आणि या बायका दिवसभर त्यात हात घालून बसतात.

आणि या मावशींचं किंवा त्यांच्या आधी गल्लीत कोपऱ्यावरनं पिशव्या वेचणाऱ्या बाईचं नाव त्या पोर्टलवर कुठंच नाही. कंपनीचं आहे, माझं आहे. पैसा कंपनीकडनं माझ्या खात्यात येतो आणि नियमाप्रमाणं तो तिथं थांबला तरी कुणी काही विचारत नाही. भंगारवाल्याला मी बाजारभाव देते, तो वेचणारीला त्याचा भाव देतो, आणि ईपीआर आल्यामुळं तिच्या किलोमागे काहीच बदललं नाही. माझा भाचा कॅनडात ब्रिटिश कोलंबियात असतो, त्याच्याकडनं तिकडचं विचारलं तर तिथं २०१४ पासून पॅकिंगवाल्या कंपन्यांची संस्था घराघरातनं गोळा करायचाच खर्च उचलते, जी पालिका स्वतः गोळा करते तिला घरामागे पैसे देते. जर्मनीत तर १९९१ पासून कंपन्यांच्या पैशावर वेगळं कलेक्शन चालतं. म्हणजे तिकडं पैसा सुरुवातीला, कचरा उचलतानाच लागतो. आपल्याकडं पैसा शेवटी, रिसायकल झाल्याचा पुरावा दिल्यावर. मधला सगळा भार ज्याच्याकडं कमी पैसा आहे त्यानंच आधी उचलायचा.

म्हणून आम्ही आमच्यापुरतं एक केलं. पहिल्या कंपनीशी करार करताना मी सर्टिफिकेटचा भाव दोन भागांत लिहायला लावला, प्रोसेसिंगचा वेगळा आणि कलेक्शनचा वेगळा. त्यांचे सल्लागार म्हणाले, मॅडम असा फॉरमॅट आमच्याकडं नाही, शेवटी रक्कम एकच ना. मी म्हणलं रक्कम एकच राहू दे, पण बिलावर दोन ओळी येऊ देत. बरीच ओढाताण झाली, त्यांनी भाव थोडा कमी करून मागितला, भाऊजी म्हणाले ताणू नका, गिऱ्हाईक जाईल. पण वर्षाचं रिटर्न जूनअखेर भरायचं असतं आणि त्याच्या आधी खऱ्या मालाची सर्टिफिकेटं सगळ्यांनाच लागतात हे मला दिसत होतं, म्हणून मी थांबले. शेवटी त्यांनी मान्य केलं.

कलेक्शनचा भाग म्हणजे किलोमागे दोन रुपये, ते वेचणाऱ्या बायकांच्या बचत गटाच्या बँक खात्यात जातात, भंगारवाल्याच्या भावाला हात लावत नाही. त्यासाठी गटाची वही आणि माझी वही जुळवायला लागते, आठवड्याला वजन झालं की काट्याचा फोटो ग्रुपवर टाकतो. गटाच्या अध्यक्ष आहेत त्या ताई सुरुवातीला म्हणल्या, वहिनी हे पैसे कशाचे, उद्या परत मागणार नाही ना कुणी. त्यांना दुधाच्या पिशवीवर छापलेला नोंदणी नंबर दाखवला आणि सांगितलं की ही पिशवी ज्यानं बाजारात आणली त्याच्यावर ती परत आणायची जबाबदारी आहे, ते काम त्याच्यासाठी तुम्ही करताय, ही त्याची मजुरी. त्यावर त्या म्हणल्या मग पातळ पिशव्यांचं काय, त्या आम्ही सोडून देतो, त्यात वजनच भरत नाही. बरोबर आहे त्यांचं. दिवसभर वेचली तरी एक किलो होत नाही. आता पातळ एलडीला आम्ही किलोला जास्त देतो आणि तेव्हापासून ती यायला लागली. २०१९ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या बाभळींवर कितीतरी उंचीपर्यंत ज्या पिशव्या लटकलेल्या होत्या त्या हीच पातळ जात, कारण तिला भाव नव्हता म्हणून ती कुणी उचलतच नव्हतं.

ज्यांना हे करायचंय त्यांना आणखी दोन गोष्टी. भंगारवाला जीएसटीत नसेल तर त्याच्याकडनं खरेदीची पावती, वजन, तारीख, गाडी नंबर सगळं नोंदवा, कारण पॅकिंगचा माल कुठनं आला हे दाखवता आलं नाही तर नंतर अडकतं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी ५ वरनं १८ टक्के केला तेव्हा बऱ्याच जणांनी बिलाचा व्यवहारच बंद केला, ती सवय ईपीआरला चालत नाही. आणि दाणा विकताना कॅटेगरी नीट लिहा. आमच्याकडं एकदा कडक आणि लवचिकचा दाणा एकाच बिलात गेला होता, तो वेगळा करून घेईपर्यंत त्याचं सर्टिफिकेट पडून राहिलं.

महापालिकेशी पण आमचं बोलणं चालू आहे. घंटागाडीत ओला सुका वेगळा घेतात पण सुका पुढं एकत्रच होतो आणि त्यातला बराच माल समडोळी रोडच्या आणि बेडग रोडच्या डेपोवर जातो. आम्ही एवढंच मागतोय की एका वॉर्डातला सुका कचरा गटाच्या बायकांना थेट सॉर्टिंगला द्या, जागा आणि पाणी तुमचं, पॅकिंगचा माल आम्ही घेतो आणि कलेक्शनचे पैसे गटाला जातात त्याचा महिन्याचा हिशोब तुम्हाला लेखी देतो. कराडनं देशपातळीवर स्वच्छतेत नंबर काढला, पाचगणीनं डेपोच्या जागेवर बाग केली, मग सांगलीनं एक वॉर्ड करून बघायला हरकत नाही. अर्ज दिलाय, आरोग्य विभागात एक बैठक झाली, वॉर्ड कुठला घ्यायचा ते पुढच्या बैठकीत ठरणार आहे. यंदाच्या करारात कंपनीनं कलेक्शनची ओळ स्वतःहून मसुद्यात घालून पाठवली, पण भाव गेल्या वर्षीचाच ठेवलाय, त्याला मी अजून सही दिलेली नाही.