सफारीला मोठे टायर आणि घासलेला ब्रेकचा पाईप

आमचं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान सातारा रोडला, धनकवडीच्या अंगाला. कात्रज जवळ असल्यामुळं घाट उतरून आलेल्या गाड्या आमच्याकडं फार येतात, कुणाचे ब्रेक तापलेत, कुणाचं स्टेअरिंग एका बाजूला ओढतंय. पावसाळ्याआधी एका शनिवारी एक काका आणि त्यांचा मुलगा २००९ ची टाटा सफारी डायकॉर घेऊन आले. काका बँकेतनं रिटायर झालेले, वेल्ह्याकडं शेती, दर आठवड्याला जाणं-येणं. गाडी मस्त ठेवलेली, बॉडीला कुठं गंज नाही. पण उभी होती अशी की बघणाऱ्यानं थांबून बघावं, नाक वर आणि खाली दणकट ए/टी टायर, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांना चालणारे. मुलानं काकांच्या वाढदिवसाला बसवून दिले होते म्हणे. एवढा खर्च करून भेट दिल्यावर वडील काय बोलणार.

तक्रार काय तर वळताना टर्र आवाज येतो. मी विचारलं कधी, तर मुलगा म्हणाला "कधीतरी", आणि काका म्हणाले "घाटात, उतरताना, डावीकडं वळताना, ब्रेक मारला की". बघा फरक. रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला विचारावं ते यासाठी.

टायरच्या कडेवर वाचलं, २६५/७५ आर १६. ओरिजिनल साईज २३५/७० आर १६. मुलगा म्हणाला, दादा रिम तर तीच आहे, सोळाचीच, फक्त टायर जरा रुंद घेतला. हा गैरसमज इतका कॉमन आहे की मी खडू घेऊन फरशीवरच गणित मांडतो. पहिला आकडा टायरची रुंदी, २३५ मिलिमीटर, त्याचे ७० टक्के म्हणजे १६४.५ मिलिमीटर, ती टायरच्या कडेची उंची, ती वर एकदा खाली एकदा म्हणजे ३२९, त्यात सोळा इंची रिमचे ४०६, झालं ७३५. आता २६५ चे ७५ टक्के जवळपास १९९, दोनदा ३९८, अधिक ४०६, म्हणजे ८०४. टायर ६९ मिलिमीटरनं उंच झाला, नऊ टक्क्यांच्या वर. आणि गाडी उचलली गेली किती, तर त्याच्या निम्मी, ३४ मिलिमीटर. रिम मोठी केली की टायर मोठा होतो असं पण नाही बरं का, २५५/५५ आर १८ टाकला तर अठराची रिम असून उंची ७३८ च येते. रबर कमी आणि लोखंड जास्त, मग आपल्या रस्त्यावरच्या एखाद्या खड्ड्यात रिम वाकली की लोक माझ्याकडं येतात ती सरळ करायला, ते वेगळं.

हे नऊ टक्के ऐकल्यावर काकांनी खिशातनं मोबाईल काढला. एक्सप्रेसवेवर स्पीडचं चलन आलं होतं, १०६ चं, आणि त्यांचं म्हणणं की काटा शंभरच्या वर मी नेलाच नाही. मी म्हटलं काका तुम्ही खरं बोलताय आणि कॅमेरा पण खरंच बोलतोय. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो, चाक केवढं झालं ते त्याला कुठं माहीत. काटा शंभर म्हणजे हिशोबानं १०९ निघतात, पण कंपनी मीटर मुद्दाम जरासा जास्त दाखवणारा ठेवते, ते वजा केले की १०६ बरोबर जुळतं. मग ॲव्हरेजचं निघालं. टाकी फुल करून हिशोब ठेवणारा माणूस, अकरा द्यायची ती साडेनऊवर आली म्हणून काका हैराण. त्यातले पण साडेनऊ हे कमी मोजलेले किलोमीटर, खरे दहा-साडेदहा पडत असणार. थोडं खरंच पडलंय, कारण एवढा जड टायर फिरवायचा म्हणजे डिझेल जाणारच.

मला खरं वाईट वाटलं ते पुढचं ऐकून. वेल्ह्याच्या वाटेवरच्या पाबे घाटात गाडी चढत नाही, तिसऱ्यात मरते, म्हणून काकांनी आधी इंजेक्टर साफ करून घेतले आणि मग एका गॅरेजवाल्यानं सांगितलं म्हणून क्लच प्लेट पण बदलली. फरक शून्य. पडणार कसा, इंजिनात काही बिघाडच नव्हता! १४० पीएसचं इंजिन आहे ते, ३२० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, पण चाक मोठं झालं की तोच टॉर्क रस्त्यावर कमी जोरानं पोचतो, इथं साधारण साडेआठ टक्के कमी. तिसरा गिअर तिसरा राहातच नाही, तिसऱ्याच्या आणि चौथ्याच्या मधलं काहीतरी होऊन बसतो. एकाही गॅरेजनं टायरकडं बघितलं नाही याचं मला अजून नवल वाटतं, टायर तर समोर दिसत होते.

मग गाडी लिफ्टवर घेतली. मुलगा खालून बघून म्हणाला, दादा बघा ना, चार बोटं जागा आहे, कुठं लागतंय? लिफ्टवर जागा दिसणारच. गाडी उचलली की चाक खाली लोंबतं, सस्पेन्शन मोकळं असतं. टायर लागतो तो चाक वर दाबलं गेल्यावर आणि त्याच वेळी स्टेअरिंग वळलेलं असताना, म्हणजे काकांनी सांगितलं तसंच, उतार, ब्रेक, वळण, गाडी नाक खाली घालते तेव्हा. म्हणून गाडी खाली घेतली, पुढचं उजवं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवलं, आमचा पोरगा बॉनेटवर बसला आणि मी मुलाला म्हटलं आता हळूहळू फुल लॉक मारा डावीकडं. टर्र. उजव्या मडगार्डच्या आतलं प्लास्टिक मागच्या कोपऱ्यात घासून घासून आरपार फाटलं होतं. ते चाललं असतं एकवेळ. पण दुसऱ्या बाजूला लॉक मारून टॉर्च आत घातली आणि माझ्या पोटात गोळा आला. टायरची आतली कड ब्रेकच्या होज पाईपला, म्हणजे चाकापर्यंत ब्रेकचं तेल नेणाऱ्या रबरी पाईपला, चाटत होती. वरचं रबर गेलेलं, आतली दोऱ्याची जाळी दिसत होती.

मी काही बोललो नाही, फक्त काकांना खाली वाकवून टॉर्च हातात दिली. त्यांनी बघितलं, आणि मग मुलाकडं बघितलं. मुलगा पांढराफटक. तो पाईप घाटात फुटला असता तर पुढचं वेगळं सांगायला नको, ब्रेकच्या तेलाची सर्किट दोन असतात, पेडल अगदीच रिकामं जात नाही, पण पाबे घाटाच्या उतारावर अर्ध्या ब्रेकवर कुणाला राहायचंय.

नाक वर का होतं ते पण कळलं. या सफारीला पुढं कॉइल स्प्रिंग नसते, टॉर्शन बार असतो, लांब दांडा पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करतो, आणि त्याचा बोल्ट आवळला की पुढची बाजू उचलली जाते. टायर बसवणाऱ्यानं जागा करायला बोल्ट चांगलेच आवळले होते. फुकटात उंची मिळते म्हणून बरेच जण करतात हे. पण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, खड्ड्यात आपटतं, बॉल जॉइंट तिरक्या कोनात काम करतात आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, पार बिघडतो. अलाइनमेंटच्या मशीनवर लावली तर दोन्ही बाजूंचे आकडे लाल, म्हणजे हद्दीच्या बाहेर.

मुलाच्या डोक्यात अजून स्पेसर, म्हणजे चाकाच्या मागं घालायची जाड चकती. म्हणाला दादा, स्पेसर टाकून चाक बाहेर काढूया की, पाईपपासनं लांब जाईल. लांब जाईल हो, पण बाहेर काढलेलं चाक वळताना आणखी मोठा गोल मारतं, मग मडगार्डला जास्त लागणार, बेअरिंगवर लोड वाढणार, आणि स्वस्तातला स्पेसर असला की स्टडवर नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. मी पुढच्या चाकांना स्पेसर लावत नाही. दुसरीकडं जाऊन लावा म्हटलं, माझा राग नाही. आमचे मालक गल्ल्यावरनं बघत होते, गिऱ्हाईक घालवतोय असं त्यांना वाटलं असणार.

काका म्हणाले, "ते जाऊ द्या, तुम्ही तुमच्या गाडीला काय टाकलं असतं?" मी म्हटलं २४५/७० आर १६. उंची ७४९, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत, मीटर पण जवळपास खरा बोलेल, आणि शेताच्या रस्त्याला थोडं रुंद रबर मिळेल. लोड इंडेक्स १११ चा घेतला, एका टायरवर १०९० किलो, ती जड गाडी आहे, उगाच कमी घेऊन चालत नाही. दोन्ही होज पाईप नवीन मागवले, नाना पेठेतनं यायला दुपार झाली, ब्रेकमधली हवा काढली, टॉर्शन बार दोन्हीकडं मोजून जागेवर आणले, मग टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. ठोकळ्याची परीक्षा परत घेतली, दोन्ही बाजूंनी फुल लॉक, कुठं काही लागलं नाही.

जुन्या कात्रज घाटात काका स्वतः चालवत होते, मी बाजूला. वळणांवर तिसरा टाकला आणि गाडी ओढत गेली. बोगद्यापर्यंत काका एक अक्षर बोलले नाहीत, मग म्हणाले "क्लचचे पैसे उगाच गेले". मागच्या सीटवर मुलगा गप्प. दिसायला आधीच भारी होती असं त्याचं मत, आणि खरं सांगू का, दिसायला होतीच.

परत आल्यावर हवा चेक करताना मागच्या दारावरची स्टेपनी बघितली. चार टायर मोठे आणि स्टेपनी मात्र जुनी २३५ चीच. कारण सोपं, ८०४ चा टायर त्या कव्हरात मावलाच नसता आणि बिजागऱ्यांनी पण वजन झेललं नसतं. म्हणजे एवढे दिवस कुठं पंक्चर झालं असतं तर एक चाक बुटकं लावून काका वेल्ह्याहून घरी आले असते. कडेवरचा कोड वाचला, ३८१२, म्हणजे २०१२ सालचा अडतिसावा आठवडा. काकांनी नखानं दाबून बघितलं, म्हणाले नक्षी तर नवीसारखी आहे की. नक्षी असणारच, कधी रस्त्याला लागलाच नाही, पण कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. मालक आतनं ओरडले, "पाचवा पण काढू का?" काकांनी मुलाकडं बोट दाखवलं. मुलानं मुकाट्यानं फोन काढून स्कॅन केलं.