मध्यांतराची पंधरा मिनिटे : फुटबॉल मॅनेजरमधील भाषणांचा माझा अनुभव

‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकावरील गेममध्ये मध्यांतराला आमचा संघ दोन-शून्य असा पुढे होता आणि ड्रेसिंग रूममध्ये मी खेळाडूंना, जोशपूर्ण सुराचा पर्याय निवडून, त्यांच्या खेळावर मी अत्यंत खूश असल्याचे सांगितले. पडद्यावर अकरा नावांपुढे प्रतिक्रिया उमटल्या. चार नावांपुढे हिरव्या अक्षरांत आनंद दिसत होता, बाकीच्यांवर काहीच परिणाम झालेला नव्हता, आणि मला तेवढे पुरेसे वाटले. पंचावन्नाव्या मिनिटाला शेजारी बसलेल्या धाकट्या भावाने देहबोलीच्या रकान्यावर बोट ठेवले, तेव्हा बचावफळीतले तिघे गाफील झाल्याची नोंद तिथे होती. तोपर्यंत पहिला गोल होऊन गेला होता. सामना आम्ही तीन-दोन असा हरलो. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मी बोलले ते चुकीचे होते आणि कुठे चुकले हे मला कळत नव्हते.

मी अमळनेरला एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद झाल्या आणि त्याच सुमारास ‘फुटबॉल मॅनेजर 2020’ हा गेम काही दिवसांसाठी मोफत खेळायला दिला गेला, तेव्हा भावाने तो माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतला. मुदत संपल्यावर मी तो विकत घेतला. स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही इंग्लंडमधील कंपनी तो तयार करते आणि सेगा प्रकाशित करते. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी 1992 मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने जो गेम आणला, त्याच परंपरेतला हा. यात आपण चेंडूला हात किंवा पाय लावत नाही. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे, सराव लावायचा आणि खेळाडूंशी बोलायचे. मला सर्वांत अवघड गेले ते बोलणे, आणि म्हणून हा अनुभव त्यापुरताच लिहिते आहे.

मी इंग्लंडच्या सहाव्या स्तरावरील, म्हणजे नॅशनल लीग नॉर्थमधील, एक छोटा क्लब घेतला. बावीस संघ, बेचाळीस सामने आणि तळाचे तीन संघ खालच्या स्तरावर जाणार, असे त्या हंगामाचे स्वरूप होते. संचालक मंडळाची माझ्याकडून एकच अपेक्षा होती, ती म्हणजे संघ खाली जाऊ नये. प्रत्येक सामन्यात तीनदा बोलायची संधी मिळते: सामन्यापूर्वी, मध्यांतराला आणि सामना संपल्यावर. आधी सूर निवडायचा आणि मग वाक्य. 2020 च्या त्या आवृत्तीत सूर सहा होते. मी त्यांना मराठीत शांत, सावध, नाराज, जोशपूर्ण, ठाम आणि आक्रमक म्हणते. वाक्ये प्रसंगाप्रमाणे बदलतात. ‘विजयाची अपेक्षा आहे’, ‘तुमच्यावर दडपण नाही’, ‘प्रेक्षकांसाठी जिंका’, ‘माझा तुमच्यावर विश्वास आहे’, अशा प्रकारची ती असतात. संपूर्ण संघाशी बोलून झाले की बचाव, मधली फळी किंवा आघाडी यांच्याशी वेगळे बोलता येते आणि एकेका खेळाडूशीही बोलता येते. हे सारे सहायक प्रशिक्षकावर सोपवण्याची सोय आहे. मी ती वापरली नाही. मला स्वतःला शिकायचे होते.

पहिल्या बारा सामन्यांत मी जवळजवळ प्रत्येक वेळी जोशपूर्ण सूर निवडला. वर्गात पन्नास मुलांसमोर उभे राहून बोलण्याची वीस वर्षांची सवय त्यामागे होती. आवाज चढवला की मागच्या बाकापर्यंत पोहोचतो, एवढाच हिशेब मी इथेही लावत होते. बारा सामन्यांत आम्ही दोन जिंकलो, तीन बरोबरीत सोडवले आणि एकविसाव्या क्रमांकावर आलो. एका सामन्यात संघ बलाढ्य प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर असताना मी ‘आज विजय हवाच’ असे जोशात सांगितले आणि सहा नावांपुढे लाल अक्षरे आली. काहींवर दडपण आले होते, काही अस्वस्थ झाले होते. भाऊ तेव्हा आमच्या अहिराणीत म्हणाला, “ताई, तू बठासले एकच गोट सांगी ऱ्हायनी. त्या पोऱ्याकडे देख तरी.” मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते आहे, असे त्याचे म्हणणे. तो पोऱ्या म्हणजे आमचा एकोणीस वर्षांचा गोलरक्षक. दुसऱ्या क्लबकडून उसनवारीवर आला होता.

तेराव्या सामन्यापासून मी दोनशे पानी वही केली. सामना घरच्या मैदानावर की बाहेर, सामन्यापूर्वीच्या पैजेच्या भावांनुसार आम्ही वरचढ की दुबळे, बोलण्याच्या वेळी गुणफलक काय, सूर कोणता, वाक्य कोणते, किती नावे हिरवी आणि किती लाल, असे रकाने आखले. उरलेल्या तीस सामन्यांत प्रत्येकी तीन भाषणे, म्हणजे नव्वद नोंदी होणार होत्या. दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावून कूलरसमोर बसायचे आणि एका बैठकीत दोनच सामने खेळायचे, कारण त्याहून जास्त खेळले की नोंदी घाईत होत.

पंचवीस-तीस नोंदी झाल्यावर पैजेच्या भावांचा रकाना सर्वांत उपयोगी असल्याचे दिसू लागले. खेळाडू आपले वाक्य कोरे ऐकत नाहीत. ते ते स्वतःच्या अपेक्षेशी ताडून पाहतात. आम्ही घरच्या मैदानावर वरचढ असताना ठाम सुरात विजयाची अपेक्षा सांगितली, की बहुतेक नावे हिरवी होत. तेच वाक्य बलाढ्य संघापुढे लाल अक्षरे आणी, आणि तिथे शांत सुरात ‘दडपण घेऊ नका’ म्हटले की खेळ मोकळा होई. दुबळा संघ बलाढ्य संघाशी बरोबरी करून परतला तर साधे कौतुक अपुरे पडे. मी केवळ समाधान व्यक्त केले तेव्हा अनेकांवर परिणाम झाला नाही, मनापासून आनंद व्यक्त केला तेव्हा पुढच्या सामन्यापर्यंत मनोधैर्य टिकले. आघाडीवर असताना मध्यांतराला ‘गाफील राहू नका’ हे सांगणे मला सुरुवातीला कद्रूपणाचे वाटत असे. त्या तीन-दोनच्या पराभवानंतर मी ते सोडले नाही.

आक्रमक सुराचे मात्र सरसकट काही सांगता येत नाही. खेळाडूंच्या गुणांचे आकडे एक ते वीस असतात आणि त्यात जिद्द हा एक गुण उघड दिसतो. जिद्द पंधराच्या पुढे असलेला आमचा कर्णधार खडसावल्यावर पेटून उठे. दडपण पेलण्याची ताकद मात्र आकड्यांत दिसत नाही. ती लपलेली असते आणि प्रशिक्षकांच्या अहवालातील एखाद्या ओळीवरून ओळखावी लागते. गोलरक्षकाची जिद्द सात होती आणि तो दडपणाखाली डगमगतो असे अहवालात स्पष्ट लिहिलेले होते. मी तो अहवाल गेममधल्या डिसेंबरातल्या एका पराभवानंतर वाचला. त्या सामन्यात त्याच्या हातून चेंडू निसटून गोल झाला होता आणि मी त्याला एकट्याला आक्रमक सुरात बोलले होते. त्याचे मनोधैर्य तळाला गेले आणि पुढचे चार सामने तो प्रत्येक उंच चेंडूला जागा सोडून धावत राहिला. ती माझी सर्वांत मोठी चूक होती, आणि तिची दुरुस्ती एका भाषणात होणारी नव्हती.

माझे वडील तरुणपणी तालमीत होते. एकदा जेवताना मी त्यांना विचारले, जत्रेतल्या कुस्तीला पैलवान उतरण्यापूर्वी वस्ताद त्याला काय सांगत. त्यांनी सांगितले, की अंगात आलेल्या पैलवानाला वस्ताद शांत करीत आणि थरथरणाऱ्याच्या पाठीवर माती चोळत उभे राहत, त्या वेळी त्याच्याशी काही बोलतसुद्धा नसत. दुसऱ्या दिवसापासून मी गोलरक्षकासाठी एकच पद्धत ठेवली. संघाला काहीही सांगितले असो, त्याला वेगळे गाठून शांत सुरात ‘तुझ्यावर दडपण नाही’ एवढेच सांगायचे, आणि चुकीचा उल्लेख करायचा नाही. सहा सामन्यांनंतर त्याच्या नावापुढे प्रथमच हिरवी अक्षरे आली.

भाषणावर सारे सोपवण्याचा मोह मला एका जुन्या सामन्यामुळे होत असे. 25 मे 2005 रोजी इस्तंबूलला युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीग या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूल मध्यांतराला मिलानविरुद्ध तीन-शून्य असे मागे होते, नंतर त्यांनी बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये विजेतेपद मिळवले. मी ही गोष्ट नेहमी प्रशिक्षक राफाएल बेनिटेझ यांच्या बोलण्याची म्हणून आठवत असे. त्याच मध्यांतरात त्यांनी बचावपटू स्टीव्ह फिनन यांच्या जागी मधल्या फळीत डीटमार हामान यांना उतरवले आणि बचावात तिघे ठेवले, हे मी विसरून जात असे. जेरार्ड, श्मित्सर आणि अलोन्सो यांचे तीन गोल 54 ते 60 या मिनिटांत झाले. हे नीट आठवल्यावर मी वहीत आणखी एक रकाना वाढवला: ‘भाषणाबरोबर डावपेचात काय बदलले?’ ज्या नोंदीत तो रकाना रिकामा होता, तिथे हिरवी अक्षरे असूनही दुसऱ्या अर्ध्यात फारसा फरक पडलेला नव्हता.

शेवटच्या सामन्याला आम्ही एकोणिसावे होतो. विसाव्या संघापेक्षा तीन गुण जास्त होते, पण आमचा गोलफरक वाईट असल्याने एक गुण मिळवणे भाग होते. सामना बाहेरच्या मैदानावर होता आणि भाव आमच्या विरोधात होते. मी सामन्यापूर्वी विश्वास व्यक्त केला, शांत सुरात. मध्यांतराला आम्ही एक-शून्य असे मागे होतो आणि गोल गोलरक्षकाच्या चुकीनेच झाला होता. समोर आलेला चेंडू त्याने पकडण्याऐवजी ढकलला होता.

भाऊ काही बोलला नाही. स्वयंपाकघरातून आई जेवायला हाका मारत होती आणि मी पाच मिनिटे त्या पडद्यासमोर नुसती बसून होते. मग ठाम सुरात संघाला सांगितले, की हा सामना अजून आपल्या हातात आहे. आठ नावे हिरवी झाली. कर्णधाराला वेगळे घेऊन आणखी मागणी केली. गोलरक्षकाला तेच जुने वाक्य सांगितले. त्याच्या नावापुढे काही उमटले नाही, लाल अक्षरही आले नाही. त्यानंतर मधल्या फळीतला एक खेळाडू काढून दुसरा आघाडीपटू उतरवला आणि रुंदी वाढवली. एक्याऐंशीव्या मिनिटाला त्या आघाडीपटूने डोक्याने गोल केला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्याचा कॉर्नर आला तेव्हा मी पडद्यावरून नजर हटवली. गोलरक्षकाने चेंडू छातीशी धरल्याचे भावाने सांगितले.

सामना संपल्यावर मी सर्वांना, जोशपूर्ण सुरात, आनंद झाल्याचे सांगितले. महिनोन्महिने जपून वापरलेला तो सूर त्या दिवशी योग्य होता. वडील दारात उभे होते. त्यांनी विचारले, “त्या पोऱ्याले काय सांगं?” मी वही त्यांच्यापुढे धरली. नव्वदावी नोंद अशी आहे: बाहेरचे मैदान, दुबळे, एक-एक, जोशपूर्ण, आनंद, हिरवी नावे अकरा, लाल शून्य.