केदारेश्वरच्या दारातून परत

सप्टेंबर एंडची गोष्ट आहे, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. मी वीकेंडला ट्रेक लीड करतो. लोकांना वाटतं फुकट फिरायला मिळतं याला. खरं काम म्हणजे माणसं मोजणं. बसमध्ये मोजा, पायथ्याच्या पाचनई गावात चहाला मोजा, रेलिंगपाशी मोजा, आणि ४२ च्या जागी ४१ भरले की पोटात गोळा, मग कळतं एकजण झुडपामागे गेलाय.

हरिश्चंद्रगडावर येणाऱ्यांना दोनच गोष्टी हव्या असतात, कोकणकडा आणि केदारेश्वर. चांगदेवांनी तत्त्वसार इथे लिहिला वगैरे सांगायला लागलो की लोक शूज काढून पाय दाबत बसतात. केदारेश्वर मात्र सगळ्यांनी रीलमध्ये पाहिलेला असतो, गुहेत पाच फुटी शिवलिंग, भोवती चार खांबांतला एकच शाबूत, आणि कंबरभर बर्फासारखं पाणी. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की जग बुडणार, ही स्टोरी मी पण दर बॅचला सांगतो. चालते.

रीलमध्ये काय दिसत नाही तर पावसाळ्यात गुहेच्या तोंडासमोरूनच मंगळगंगेचा ओढा वाहतो. आणि वरचा सगळा कातळ, पाणी मुरायला जागाच नाही, त्यामुळे वर सर आली की थोड्या वेळात खाली लोंढा. गुहेपाशी ऊन पडलेलं असलं तरी. म्हणून मी आभाळ बघतच नाही, पाणी बघतो. आल्या आल्या ओढ्यातला एखादा दगड धरून ठेवायचा, किती वर दिसतोय ते. दहा मिनिटांनी परत बघायचा. पाणी नितळ आहे की लाल गढूळ, पालापाचोळा वाहून येतोय का, आणि आवाज. आवाज जड झाला की आपण निघायचं. त्या दिवशी माझा दगड अर्धा बुडाला होता आणि काड्या यायला लागलेल्या. पाचनईचे गाईड दादा नुसते म्हणाले, "चढंल पाणी." मी एंट्री बंद केली.

आता काकू. साठीच्या असतील. स्वीपला, म्हणजे सगळ्यात मागे, मी होतो, कारण दुसऱ्या लीडरला मागे ठेवलं की तो स्लो लोकांवर चिडतो (आणि मग त्याला फोटोजेनिक लीडर म्हणून फाइव्ह स्टार मिळतात, असो). त्यामुळे पाचनईपासून वरपर्यंत काकू आणि मीच. चढताना त्यांनी सांगितलं की कॉलेजच्या ग्रुपबरोबर आलेल्या, तेव्हा सगळे आत गेले, या नाही. "अडचण होती ना माझी. बाहेर बसून सगळ्यांच्या सॅक सांभाळल्या. आता ती पण भानगड नाही, म्हटलं एक प्रदक्षिणा घालून येऊ." पिशवीत बेलाची पानं, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली.

आणि नेमकं मी नाही म्हणताना शेजारी दुसरा ग्रुप आला, पंचवीसेक पोरं, जीन्स घातलेली, रोप नाही काही नाही, हातात हात धरून साखळी केली आणि गेली आत. आरडाओरडा, हर हर महादेव, व्हिडिओ. माझे दोन पार्टिसिपंट लगेच, त्यांना चालतं मग आपल्याला का नाही, आम्ही पैसे भरलेत. त्यांच्याशी भांडायला मला काही वाटत नाही, तो जॉबच आहे.

काकू भांडल्या नाहीत. ओढ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसून म्हणाल्या, "म्हणजे परत सॅकच सांभाळायच्या का रे?"

मला काही बोलताच येईना. त्यांनी अलीकडूनच हात जोडले, बेलाची पानं पाण्यात सोडली, ती गुहेकडे जायच्या ऐवजी खाली वाहून गेली.

ती पोरं वीस मिनिटांनी आरामात बाहेर आली. सगळी. पाणी तोपर्यंत गुडघ्याच्या वर आलेलं, पण आली. म्हणजे माझ्याकडे दाखवायला काय आहे? नाही म्हटलेल्या माणसाचं बरोबर होतं हे सिद्ध व्हायला कोणीतरी वाहून जावं लागतं, आणि ते तर मला नकोच होतं. एकेकदा वाटतं रोप लावून, एक माणूस पुढे एक मागे, एकट्या काकूंना नेता आलं असतं. मग उरलेल्या ४१ ना काय सांगणार होतो. ओढ्यात कोण का उतरतंय ते पाण्याला कळत नाही हे मला माहिती आहे, तरी.

फीडबॅकमध्ये ‘मेन स्पॉट दाखवला नाही’ असं आलं. काकूंनी लिहिलं, पिठलं छान होतं.

डिसेंबरची बॅच लावली तेव्हा मी स्वतः फोन केला. गुडघा धरलाय म्हणाल्या. मग विचारलं, आत पाणी किती असतं रे तेव्हा? कंबरेएवढं, पण ओढा नसतो समोर, सांगितलं. "बरं," म्हणाल्या, "तारीख कुठली?" मी सांगितली. नातवाची बस आली म्हणून फोन ठेवला.