उजवीकडे जरा कमी

परवा दुपारी जेवून आडवा झालो, कानात हेडफोन घातले आणि यमन लावला. तानपुरे सुरू झाले ते एकट्या डाव्या बाजूला. उजवीकडे शेजारच्या बिऱ्हाडात कुणी दार लावून रियाज करत असावं इतपतच. मग नेहमीचे उपचार झाले. वायर जॅकपाशी धरून पिळली. जॅक अर्धा बाहेर काढून फिरवला, त्यावर फुंकर मारली. शेवटी वायर एका विशिष्ट कोनात वाकवून तिच्यावर उशी ठेवली आणि श्वास रोखून पडून राहिलो. बायको पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली, "हाही गेला वाटतं."

हाही म्हणजे तीन महिन्यांतला तिसरा. तिन्हींची उजवी बाजूच गेली. पहिला मी सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकला होता. तो रात्रपाळीला खुर्चीत बसून त्यावर भजनं ऐकतो आणि "एकदम बढिया है साब" म्हणतो. मला त्याच्या कानांची कीव यायची.

आपण याला हेडफोन म्हणतो, डोक्याशी त्याचा काही संबंध नसताना. नोकियाच्या काळात हॅन्ड्सफ्री म्हणायचो, तेव्हाही दोन्ही हात वायरचा गुंता सोडवण्यातच अडकलेले असायचे. असो. सांगायचं म्हणजे, स्वस्तातल्या हेडफोनचा मी जाणकार आहे. महागातल्याचा जाणकार कुणीही होतो. पैसे मोजले की आवाज आपोआप गोड लागतो. दीडशे रुपयांच्या वस्तूत गुण हुडकायचे तर कान तयार लागतो. बिनवायरचे मला नकोत. लोकलमधून उतरताना त्यातला एक गाडी आणि फलाटाच्या मधल्या फटीत पडणार, हे मला स्वच्छ दिसतं. २०१६ साली आयफोनमधून हेडफोनचं भोक गेलं, मग बाकीच्यांनीही एकेक करून बुजवलं. मी अजून फोन घेताना आधी भोक बघतो, मग कॅमेरा.

माझा विक्रेता ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाखाली बसतो. मनगटावर गजरे लटकवावेत तसे हेडफोन लटकवलेले. पारख करायला तो स्वतःचा फोन पुढे करतो आणि त्यात त्याचंच एक गाणं असतं, ज्यात गाणारा बहुधा त्या दिवशी आलाच नव्हता. नुसतं ढुम ढुम. आवाज शेवटच्या काडीपर्यंत चढवलेला. "बेस देखो साब, बेस!" दोन्हींत मोठा वाजतो तो चांगला वाटतो ही आपल्या कानांची जुनी खोड आहे, आणि रिक्षांच्या त्या कलकलाटात तर वाटणारच. म्हणून मी माझा फोन काढतो, आवाज सात काड्यांवर ठेवतो, ना सहा ना आठ, आणि तानपुरा लावतो. गाणं नाही, नुसता तानपुरा. तो बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

तानपुऱ्यात सगळं कळतं. जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथून उठणारी झणझण, नीट असेल तर तार छेडल्यावर सूर उमलत वर जातो. वाईट हेडफोनमध्ये तिथे डास गुणगुणतो. त्याहून वाईटात खर्जाची तार फुगते आणि बाकीच्या तिघींना गिळून टाकते. तानपुरा पास झाला की तबला. डग्ग्याच्या 'घे'मध्ये मनगटाचा दाब सरकताना ऐकू आला पाहिजे. बेसवाल्या हेडफोनमध्ये तो 'घे' पलीकडच्या गल्लीतल्या गणपती मंडळाकडून आल्यासारखा येतो. मग गाणाऱ्याचा श्वास. समेच्या आधी घेतलेला श्वास दीडशे रुपयांत ऐकू आला तर मी घासाघीस करत नाही. खोक्यावर छापलेले आकडे मी वाचत नाही. २० ते २०,००० हर्ट्झ हे दीडशेच्या खोक्यावरही असतं आणि पंधरा हजारांच्याही. माणसाच्या कानाचा आवाका म्हणून शाळेच्या पुस्तकात दिलेला आकडा आहे तो. छापायला खर्च येत नाही.

पण आवाज निम्माच. खरा प्रश्न बसण्याचा. सोबत रबराच्या टोप्यांच्या जोड्या येतात, लहान, मधली, मोठी. मधली आधीच बसवलेली. ती कानात घट्ट बसली नाही तर खर्ज फटीतून निघून जातो आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. माझ्या डाव्या कानाला मधली लागते, उजव्याला लहान. देवानं घाईत केलेलं काम. त्यामुळे दर खरेदीला काही टोप्या उरतात आणि त्या मी बामच्या एका रिकाम्या बाटलीत साठवतो. शर्टाबरोबर येणारी जादा बटणं टाकवत नाहीत, तसंच. त्या बाटलीतली एकही टोपी आजवर कधी लागली नाही, आणि बाटली भरत आली तेव्हा मी दुसरी बाटली धुऊन ठेवली.

बरं, घट्ट बसली तरी सुख नाही. चालताना आपलीच टाच आपल्याच डोक्यात आपटते. चिवडा खाल्ला तर खडी फोडायची गिरणी. वायर शर्टाच्या बटणाला घासली की कुणी माईकवर गोणपाट ओढतंय असं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे वायर कानावरून मागे घ्यायची, पण तिथे चष्म्याची काडी आधीच बसलेली. दोघींची भांडणं लागतात.

आणि एक हट्ट. डावा डाव्यातच, उजवा उजव्यातच. अंधारातसुद्धा मी डाव्या दांडीवरचा तो बारीक उंचवटा नखानं चाचपून मगच कानात घालतो. मी ऐकतो ती जुनी गाणी बहुतेक मोनो, दोन्हीकडे तेच वाजतं, हे मला कळतं. पण डावी चप्पल उजव्या पायात घालून कुणी चार पावलं चालेल का?

माझा पहिला हेडफोन तर एकाच कानाचा होता. वाईला आजोबांचा ट्रान्झिस्टर होता, कातडी कव्हरातला, पुढे बारीक भोकांची जाळी. कव्हराच्या कप्प्यात हस्तिदंती रंगाचं ते बोंडूक गुंडाळून ठेवलेलं असायचं. रबर वगैरे नाही, टणक प्लास्टिक. दहा मिनिटांत कानाची पाळी लाल. पण १९८६ च्या जानेवारीत, सिडनीची टेस्ट चालू असताना, त्या बोंडकाइतकं मौल्यवान घरात काही नव्हतं. कृष्णेवरून येणारं धुकं खिडकीशी थांबलेलं, आजी शेजारच्या खोलीत झोपलेली, आणि आम्ही दोघं एका रजईत, मध्ये ट्रान्झिस्टर. शॉर्ट वेव्हचा आवाज लाटेसारखा चढायचा आणि नेमका बॉल पडताना ओसरायचा.

आजोबा आधी स्वतःच्या कानात घालायचे. छताकडे बघत, काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करायचे. मग मान हलवायचे. "खरखर आहे नुसती. घे, तू ऐक आणि मला सांग." मी दहा वर्षांचा. इंग्रजीतली नावं आणि आकडे तेवढे कळायचे. मला तर सगळं लख्ख ऐकू यायचं. श्रीकांत ११६, मग आउट. मी रजईत कुजबुजायचो. "मोठ्यानं सांग," आजोबा. मी जरा मोठ्यानं. "अरे, मोठ्यानं!" शेवटी पलीकडून आजीचा आवाज यायचा, "अहो, पहाटे पहाटे पोराला ओरडायला काय लावताय?" गावसकर १७२, अमरनाथ १३८, ४ बाद ६०० वर डाव घोषित. एवढं करून टेस्ट ड्रॉच झाली. पण त्यातला आकडा न् आकडा मी आजोबांना ओरडून सांगितलेला आहे. घरात एकच बोंडूक, आणि तेही नातवाला देणारा माणूस! मी शाळेत ही गोष्ट अभिमानानं सांगत असे.

तर परवाचं. उशी ठेवूनही उजवीकडचा तानपुरा शेजारच्या घरातून बाहेर येईना, तेव्हा लेक माझ्याकडे बघत उभी राहिली. "बाबा, उलटे घालून बघितलेस का?"

"उलटे म्हणजे?"

तिनं माझ्या कानांतून दोन्ही काढले आणि अदलाबदल करून घातले. बोलली काही नाही. तानपुरा डावीकडेच. शेजारचं बिऱ्हाड उजवीकडेच.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि विचारलं, "हेडफोन वापरता का?" मी म्हटलं, थोडाफार जाणकार आहे. "तुम्हीच ठासून भरलाय मळ आत. रोज थोडा थोडा." चार दिवस थेंब घातले, मग त्यांनी नळीनं ओढून काढला. बाहेर आलो तर रस्त्यावरचा प्रत्येक माणूस चपला फरफटत चाललेला. घरी पंखा कुरकुरत होता. बायको पेपरचं पान उलटते ते केवढ्यांदा उलटते!

पण त्याआधी, आलोच आहात तर तपासणी करून जा म्हणून, त्यांनी मला शेजारच्या काचेच्या खोलीत बसवलं होतं. तिथला हेडफोन खरा हेडफोन, डोक्यावरून घालायचा. लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या. ही शिस्त मला आवडली. बसायला मात्र आवळ. ढोलाच्या दोऱ्या ताणाव्यात तसं डोकं आवळून धरतो. गाणं एकच, टीं. ऐकू आलं की बटण दाबायचं. टीं बारीक होत जाते, मग आणखी बारीक, आणि एका ठिकाणी टीं आहे की नुसती आपल्या रक्ताची खरखर, ते कळेनासं होतं. तिथे मी दोनदा अंदाजानं बटण दाबलं. काचेपलीकडच्या मुलीनं वर बघितलं. उगाच छताकडे बघत बसलो.

बोट बटणावर, आणि मला ते बोंडूक आठवलं. केसभर इकडे, केसभर तिकडे.

आजोबांना जाऊन आता तीस वर्षं होतील. अशा खोलीत त्यांना कुणी बसवलं नव्हतं.

रिपोर्टमध्ये दोन्ही रेघा सारख्याच निघाल्या, आणि वरच्या पट्टीत दोन्ही सारख्याच खाली घसरल्या. "वयाच्या मानानं ठीक," डॉक्टर म्हणाले. त्यांचं यंत्र ८,००० हर्ट्झपर्यंतच जातं. खोक्यावरच्या उरलेल्या १२,००० चं मी विचारलं नाही.

संध्याकाळी त्याच तिसऱ्या हेडफोनवर यमन लावला. दोन्ही कानांत तानपुरा. आणि दोन्ही कानांत, अगदी स्वच्छ, डास.

काल सॅटिसखाली गेलो. त्यानं मला ओळखलं. दोनदा येऊन मी त्याच्याशी उजव्या बाजूवरून भांडलो होतो. "क्या साब, फिर राइट साइड?"

"राइट साइड बराबर है," मी म्हटलं. माफी मागावी असं मनात होतं, पण हिंदीत कानातल्या मळाची गोष्ट कुठून सुरू करणार? "वो जवारी में थोडा..."

त्यानं मनगटावरचा एक सोडवून स्वतःच्या फोनला लावला. "ये नया माल है. बेस देखो."

मी बेस पाहिला.