गाडीच्या रंगावरचे पाण्याचे डाग: माझा अनुभव

आमचे घर पेडणे तालुक्यात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. गोव्याच्या आतल्या भागात जांभ्या दगडात खणलेल्या विहिरींचे पाणी बहुधा हलके असते. किनाऱ्यालगत मात्र उन्हाळा चढू लागला की विहिरीची पातळी खाली जाते, पाण्याला मचूळपणा येतो आणि साबणाला फेस येईनासा होतो. याच पाण्याने आमच्या परसातल्या माडांना स्प्रिंकलरने शिंपण होते आणि वाऱ्याबरोबर त्याचे तुषार शेजारी उभ्या असलेल्या गडद निळ्या गाडीवर पडत राहतात. मे महिन्याच्या अखेरीस बॉनेट, टप आणि माडांकडील दोन्ही दारे पांढुरक्या कडांच्या वर्तुळांनी भरून गेली. गाडी शॅम्पूने धुतली तर ओली असेपर्यंत ती दिसत नसत, आणि सुकली की पुन्हा तशीच उमटत.

पाण्याचा थेंब वाळतो तेव्हा फक्त पाणी उडून जाते. त्यात विरघळलेले कॅल्शियमचे आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात, आणि ते थेंबाच्या कडेला अधिक साचत असल्यामुळे डागाला कड्यासारखा आकार येतो. पाणी पिण्याजोगे आहे म्हणून त्याने डाग पडणार नाहीत, असे समजणे बरोबर नाही. भारतीय मानक ‘आयएस १०५००’ पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचे काठिण्य, म्हणजे याच क्षारांचे प्रमाण, स्वीकार्य मानते आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट देते. एवढे क्षार तापलेल्या पत्र्यावर वाळले तर डाग पडणारच.

काहीही लावण्यापूर्वी डाग रंगाच्या वर बसला आहे की आत उतरला आहे, हे ओळखणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर अवलंबून होते. गाडी स्वच्छ धुऊन, हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून मी पृष्ठभागावरून हलकेच बोटे फिरवली. जिथे खरखर लागली तिथे क्षार वर साचलेले होते. जिथे बोटांना काहीच जाणवले नाही, पण तिरप्या उजेडात कडे स्पष्ट दिसले, तिथे वरच्या पारदर्शक क्लिअर कोटलाच खळगा पडला होता. माझ्या गाडीवर दोन्ही प्रकार होते. दारांवर पहिला अधिक, तर दिवसभर उन्हात तापणाऱ्या बॉनेटवर आणि टपावर दुसरा.

सुरुवात सौम्य उपायापासूनच करायची, असे मी ठरवले. सकाळी ऊन येण्याआधी, पत्रा थंड असताना, एका बादलीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत हातमोजा खळबळण्यासाठी साधे पाणी घेऊन गाडी धुतली. किनाऱ्यावरची वाळू आणि रस्त्यावरची लाल माती हातमोज्यात अडकून रंगावर बारीक ओरखडे काढते, म्हणून ही दुसरी बादली टाळू नये. त्यानंतर रंगहीन व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात मिसळून मऊ मायक्रोफायबर कापडाने एका वेळी दाराच्या अर्ध्या भागावर लावले, मिनिटभर ओले राहू दिले आणि भरपूर पाण्याने धुऊन लगेच टिपून घेतले. आपल्याकडे स्वयंपाकघरात माडाचे व्हिनेगर हाताशी असते. पण ते गढूळ असते आणि त्यात आम्लाखेरीज इतरही घटक असतात, त्यामुळे ते या कामाला घेऊ नये. व्हिनेगरमधील अ‍ॅसेटिक आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला विरघळवते, आणि दारांवरचे बहुतेक डाग त्यानेच गेले. मिश्रण मात्र रंगावर वाळू देता कामा नये, तापलेल्या पत्र्यावर तर ते लावूच नये. त्याने जुने वॅक्सही कमी होते, म्हणून नंतर नवा संरक्षक थर देणे आवश्यक ठरते.

काही ठिकाणी खरखर तरीही उरली. पाण्यातले सल्फेटचे आणि सिलिकाचे साठे व्हिनेगरला दाद देत नाहीत. तेथे मी बारीक प्रतीचा क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ, मातीसारखी वडी, वापरला. भरपूर वंगणद्रव फवारून तो दाब न देता सरळ रेषेत पुढे-मागे फिरवायचा, मळलेली बाजू सतत घडी घालून आत घ्यायची, आणि हातातून जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यायचा. या कामाला वेळ लागतो, पण काम झाल्यावर रंगावरून हात फिरवताना जो गुळगुळीतपणा जाणवतो, त्याने सगळे कष्ट सार्थकी लागल्यासारखे वाटतात.

बॉनेटवरचे आत उतरलेले डाग घरी हात न लावता म्हापशातील एका डिटेलिंग, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्या, कारागिराकडे नेले. त्यांनी प्रथम जाडी मोजण्याच्या यंत्राने रंग तपासला. त्यांची ही सावधगिरी मला फार आवडली. कारखान्यातून आलेल्या गाडीचा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो, आणि पॉलिश करणे म्हणजे त्यातलाच थोडा भाग झिजवून पृष्ठभाग खळग्याच्या तळाच्या पातळीवर आणणे होय. त्यांनी कोपऱ्यातल्या लहानशा जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड लावून चाचणी घेतली. तेवढ्याने भागल्यामुळे अधिक धारदार काही वापरले नाही. टपाच्या कडेला दोन-चार फिकट कडी राहिली. “तायनू, हे काढायला गेलो तर रंगाचे आयुष्य कमी होईल,” असे ते म्हणाले, आणि मलाही ते पटले. कडांवर क्लिअर कोट आणखी पातळ असतो. दुरून न दिसणाऱ्या डागासाठी तो थर झिजवणे मला योग्य वाटत नाही.

संरक्षणासाठी मी कार्नोबा या वनस्पतिजन्य वॅक्सऐवजी कृत्रिम सीलंट, म्हणजे रंगावर लावायचा रासायनिक संरक्षक थर, निवडले. कार्नोबाची झिलई सुंदर असते, परंतु आपल्या उन्हात आणि पावसात ते काही आठवड्यांतच उतरते, तर सीलंट काही महिने टिकते. सिरॅमिक कोटिंगबद्दल मी चौकशी केली. त्यावर पाण्याचे थेंब गोल उभे राहतात आणि धुणे सोपे होते, हे खरे. पण तेच थेंब उन्हात वाळले तर डाग तेथेही पडतात.

स्प्रिंकलरची तोंडे आता माडांच्या आळ्यांकडे वळवली आहेत आणि शिंपणाच्या वेळी गाडी घराच्या दुसऱ्या बाजूला उभी असते. धुतल्यानंतर शेवटचे पाणी आरओचे, तेही थोडेच, आणि मग मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने आरसे, दारांच्या फटी आणि नंबरप्लेटमागची जागा टिपून घेते. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून काही घरांत त्याने गाडी धुतात. परंतु त्यात मूळ पाण्याहून अधिक क्षार असतात. ते फरशी पुसायला वापरावे, गाडीवर घालू नये.